नऊ ते सहा खिडक्या बंद

बाबा माझ्या घरात एकच उन्हाळा राहिले. तोही पुरा नाही. मे संपायच्या आत गेले. लोक विचारतात काय झालं होतं, तर मी "ऊन लागलं" एवढंच सांगते. मग त्यांना वाटतं, म्हातारा माणूस भर दुपारी टोपीबिपी न घालता कुठे निघाला असेल. बाबा कुठेच निघाले नव्हते. ते घरात होते. रायपूरच्या उन्हाला धडा शिकवायचा म्हणून मी जे घर बांधलं, त्या घरात, आपल्या खोलीत, दार-खिडक्या लावून. हे मी आजवर तोंडानं कोणाला सांगितलं नाही.

माझी नोकरीच इमारतींची. नवा रायपूर या नव्या वसवलेल्या शहरात ऑफिस आहे, आणि शनिवारी घर घेणाऱ्या, घर बांधणाऱ्या लोकांना शिकवायलाही जाते. भिंत कोणत्या विटेची असावी, छत पांढरं का असावं, काच एकेरी की दुहेरी, पश्चिमेला खिडकी किती मोठी चालेल, बिल्डर 'ग्रीन' म्हणतो तेव्हा त्याला कोणता कागद मागायचा. लोक येतात, चहा पितात, मान हलवतात आणि शेवटी हात वर करून विचारतात, "मैडम, वास्तु के हिसाब से किचन किधर रखें?" असं डोकं फिरतं माझं! राग माझ्या नाकावरच असतो, हे आमच्या ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. तर एकदा अशीच तणतणत घरी आले आणि ठरवलं, आता बोलणं पुरे, बांधूनच दाखवायचं.

नवरा कोरब्याला नोकरीत, शनिवारी रात्री येतो, सोमवारी पहाटे जातो. त्यामुळे बांधकाम माझ्याच गळ्यात होतं, आणि खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. हलक्या पोकळ विटा, भिंतीत मधे थर, छतावर पांढऱ्या फरश्या, वर सोलर, खिडक्यांना दुहेरी काच आणि कडेनं रबर, असं की कागदही सरकू नये. ही घरं तपासून स्टार देणारी एक संस्था आहे. नकाशा पाहून ते अर्धा निकाल देतात. खरा स्टार मिळतो तो वर्षभर त्या घरात राहून झाल्यावर, बारा महिन्यांची बिलं पाहून. मला पुरे पाचच्या पाच हवे होते. चार मिळाले असते तर मी तोंड दाखवलं नसतं कुठे, अशी माझी तेव्हाची मिजास.

बाबा तेव्हा स्टेशनमागच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, आमच्या जुन्या दोन खोल्यांत राहत होते. आईला जाऊन वर्ष झालं होतं. रेल्वेत ते केबिनमन होते, म्हणजे गाडीसाठी सिग्नल पाडायचा, रुळाचे सांधे बदलायचे. जन्म त्यात गेला. रिटायर झाल्यावरही रोज दाढी, रोज इस्त्री. दर मार्चमध्ये ते स्वतः छतावर चढून चुना लावायचे, त्यात थोडा डिंक घालून. कूलरमधलं गवत बदलायचे, समोरच्या दाराला खसचा, म्हणजे वाळ्याचा पडदा टांगायचे आणि दुपारी जमिनीवर बादलीभर पाणी मारून वर चटई टाकून झोपायचे. दारं सगळी उघडी. "कूलरले मागून हवा पायजे आन समोरून वाट पायजे," म्हणायचे. मी एकदा मोठ्या ऐटीत त्यांना सांगितलं की आम्ही लोकांना छत पांढरं करायला शिकवतो. ते माझ्याकडे पाहतच राहिले. "यासाठी तुले पगार देतात?" म्हणाले, आणि इतके हसले की ठसका लागला.

बांधकाम पाहायला ते दर आठवड्याला बसनं यायचे. डोक्याला गमछा, हातात पाण्याची बाटली. एकदा मी पोहोचायच्या आधी त्यांनी मिस्त्रीला सांगून त्यांच्या होणाऱ्या खोलीत, छताच्या बोटभर खाली, दोन चौकोनी भोकं सोडायला लावली. रोशनदानं. मी आले, पाहिलं आणि मिस्त्रीवर ओरडले. त्याच दिवशी ती दोन्ही विटांनी भरून घेतली.

बाबा म्हणाले, "काहून व? मंग गरम हवा जाईन कुठून?"

"गरम हवा येणारच नाही बाबा, तर जाईल कशाला?"

"येणारच नाई?"

"नाही."

"असं," म्हणाले. मिस्त्री हसला, मीही हसले. मला वाटलं, पटलं त्यांना.

पावसाळ्यात बुद्धवंदना घेऊन आम्ही नव्या घरात राहायला गेलो. बाबा लगेच आले नाहीत. "तिकडं मी कोनाशी बोलू? रस्त्यावर कुत्रंबी दिसत नाई," हे त्यांचं म्हणणं, आणि खोटं नव्हतं. आमच्याकडे, नवा रायपुरात, रस्ते रुंद, माणसं तुरळक, बस आली तर आली. पण हिवाळ्यात ते बाथरूममध्ये घसरले, हाताला प्लास्टर लागलं, आणि मी त्यांचं ऐकून न घेता सामान उचललं. त्यांच्या खोलीसाठी पंडरीच्या कापडबाजारातून पडद्याचं जाड कापड आणलं, त्यांना आवडतो तसा निळा रंग. माझी लेक बारावीला होती. ती मराठी सगळं समजते, बोलते मात्र हिंदी. दोघांचं छान जमलं. ते वऱ्हाडीत विचारायचे, ती हिंदीत उत्तर द्यायची, आणि कोणाचं काही अडायचं नाही.

मार्च लागला आणि पहिली कुरबुर झाली. मी ऑफिसातून आले तर बाबांच्या खोलीच्या दोन्ही खिडक्या सताड उघड्या, आणि एसी चालू. मी चिडले. मग समजावलं, की हे घर जुन्या घरासारखं नाही, याची रीत वेगळी आहे. दिवसा बंद ठेवायचं, रात्री उघडायचं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लिहून दे."

"लिहून काय द्यायचं त्यात?"

"रेल्वेत तोंडी काई चालत नाई बाई. लिहून दे, मंग माह्याकडून चूक झाली तर बोल."

मला गंमत वाटली. मी ऑफिसातून मोठ्या अक्षरांत छापून आणलं. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा खिडक्या बंद. पडदे ओढलेले. एसी सव्वीसच्या खाली नाही. पंखा चालू. सूर्य मावळल्यावर खिडक्या उघडणे. खाली मी थट्टेनं सही केली. बाबांनी चष्मा लावला, एकेक ओळ बोट ठेवून वाचली, आणि माझ्या सहीशेजारी 'वाचले, समजले' लिहून आपली सही केली. त्यांची थट्टा नव्हती. कागद त्यांनी स्वतः दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला. त्या दिवसापासून नऊच्या ठोक्याला आमच्या घरात खिडक्या लागायच्या, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. मी कौतुकानं ऑफिसात सांगायची, आमच्या घराला चौकीदार मिळालाय.

एप्रिलमध्ये मी एक फोन केला. तो फोन मला परत घेता आला असता तर! आमच्या मीटरचं मोबाइलवर दिसतं, कोणत्या तासाला किती वीज गेली ते. ऑफिसात बसल्या बसल्या पाहिलं तर दुपारची रेघ वर चढलेली. लगेच लावला फोन.

"बाबा, आज युनिट काहून वाढले? एसी किती वर आहे?"

"सव्वीसवरच हाये."

"मग दार उघडं राहिलं असेल. बघा जरा. या वर्षाच्या बिलावर सगळं आहे आपलं. एवढा एक उन्हाळा नीट गेला की झालं."

"हव," म्हणाले. "पाहतो."

माझा आवाज चढला होता का? चढला असेल. चढतोच. मी जाब विचारायला केला नव्हता हो फोन, पण ज्या माणसाचं सगळं आयुष्य वरून आलेल्या फोनवर उभं राहून हुकूम घेण्यात गेलं, त्याला आणखी कसा ऐकू जाणार होता तो?

दुसऱ्या दिवसापासून दुपारची रेघ खाली आली. आठवडाभरानं आणखी खाली. मे उजाडला, बाहेर पंचेचाळीस, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतंय, आणि माझ्या मोबाइलवर रेघ जमिनीला टेकलेली. मी काय केलं असेल? मी तो मोबाइल जेवणाच्या सुट्टीत चार जणांना फिरवून दाखवला. "बघा, याला म्हणतात घर!" शनिवारी वर्गात पडद्यावर मोठा करून दाखवला. एका बाईनं विचारलं, "घर में कोई रहता भी है दिन में?" मी म्हटलं, "मेरे पिताजी रहते हैं, आराम से." टाळ्या पडल्या. त्या टाळ्या आठवल्या की आजही मला कुठेतरी जाऊन तोंड लपवावंसं वाटतं.

इमारतींचं शिक्षण घेतलेली मी. वापर शून्याला टेकला तर घर चांगलं आहे असं नाही, यंत्र बंद आहे असा त्याचा अर्थ होतो, हे पहिल्या वर्षाची पोरंही सांगतील. मला दिसलं नाही. जे पाहिजे तेच दिसत होतं.

मी संध्याकाळी घरी यायची तेव्हा घर गार असायचं. बाबा दार उघडायचे, चहा टाकायचे. थोडे उतरले होते. मी म्हटलं, "बाबा, वाळून राहिले तुम्ही." तर म्हणाले, "उन्हाळ्यात कोन जाडं होते?" जेवण कमी झालं होतं. तेही मी उन्हाळ्यावरच घातलं.

त्या दिवशी लेक क्लासवरून माझ्या आधी घरी आली. साडेचारला तिचा फोन आला. "मम्मी, आबाजी उठ नहीं रहे. और घर में बहुत गर्मी है."

आणि मी काय बोलले? "गर्मी कशी असेल?" बाबा उठत नाहीत म्हणून पोरगी रडतेय, आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य हे निघालं. मग भानावर आले. तिला म्हटलं खिडक्या उघड, पाणी शिंपड, शेजारच्यांना हाक मार. शेजारच्यांनी गाडी काढली, मी थेट हॉस्पिटलात पोहोचले. डॉक्टरनं बाबांच्या अंगाला हात लावला आणि मला विचारलं, "धूप में थे क्या?"

लेकीनं नंतर सांगितलं. खोली बंद, पडदे ओढलेले, पंखा चालू, एसी बंद. जमीन ओली. बाबांनी जुन्या घरासारखं बादलीभर पाणी मारलं होतं आणि चटई टाकून त्यावर पडले होते. जुन्या घरात ते चालायचं, कारण सगळं उघडं होतं. कोरडी हवा ओल घेऊन बाहेर जायची, अंग गार पडायचं. इथे ओल जाणार कुठे? मी तिला जायला बोटभर फट ठेवली नव्हती. पाणी वाफ होऊन खोलीतच राहिलं, घाम अंगावरच राहिला, आणि पंखा तीच वाफ त्यांच्यावर फिरवत राहिला. रोज थोडं थोडं, तीन आठवडे. भिंतीही तापून बसल्या होत्या. रात्री खिडक्या उघडायच्या हे मीच लिहिलं होतं, पण मच्छर आणि धूळ नको म्हणून रात्री आम्ही सगळेच एसी लावून बंद घरात झोपायचो. म्हणजे रात्रीचा नियम माझ्याच सोयीनं मोडलेला, आणि दिवसाचा पाळणारा त्या घरात एकटाच होता.

दुसऱ्या दिवशी ते थोडे बोलले. आवाज अगदी खोल गेलेला. मी विचारलं, "बाबा, एसी काहून बंद केला हो?"

"तुयी परीक्षा हाये ना या वर्षी."

"कोणती परीक्षा?"

"बिलाची." मग म्हणाले, "तू गेली का बंद करत होतो. चारले लावत होतो, तू येईपर्यंत गार होते. त्या दिवशी उठणंच नाई झालं."

मी तोंड दुसरीकडे फिरवलं. त्यांना वाटलं मी रागावले. म्हणाले, "कागदावर एसी बंद करा असं नव्हतं, कबूल. ते मी माह्या मनानं केलं. खिडक्या मात्र एकबी दिवस नाई उघडल्या."

आणि माझ्याकडे असे पाहिले, की मी आता शाबासकी देईन.

दिली का मी? नाही दिली. मी तिथे बसून ओरडले त्यांच्यावर. "एवढं गरम होत होतं तर उघडायची ना खिडकी! कागदात काय जीव आहे का?" नर्स आली आणि मला बाहेर घेऊन गेली. कागदावर मी पाच ओळी लिहिल्या होत्या. 'गरम झालं तर सगळं उघडा, नियम गेला खड्ड्यात' ही सहावी ओळ लिहायला मला काय झालं होतं? ती लिहायची असते हे मला सुचलंच नाही, कारण माझ्या घरात गरम होणारच नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा गेले. माझं शेवटचं बोलणं ते ओरडणंच राहिलं.

त्यानंतर मी महिनाभर शनिवारी शिकवायला गेले नाही. नवरा म्हणाला, घर विकून टाकू. लेक म्हणाली, "नहीं, आबाजी का कमरा है." मीटरवरच्या त्या तीन आठवड्यांच्या रेघा मी एक दिवस बसून पुन्हा पाहिल्या. रोज साडेनऊला खाली, रोज चारला वर. किती नेमानं! मी रोज पाहत होते त्या.

वर्ष भरलं, आणि स्टार देणाऱ्या संस्थेचा माणूस तपासणीला आला. मी त्यांना नको म्हणून कळवायला हवं होतं. कळवायचंही सुचलं नव्हतं. तरुण होता, बिचारा फार नम्र. बारा बिलं मांडली आणि मे वर येऊन थांबला. "मैडम, कमाल है. मई में इतना कम? पूरे पाँच पक्के समझिए."

त्यानं फाइल उघडली. म्हणाला, घरात राहणाऱ्या प्रत्येकाकडून एक फॉर्म भरून घ्यावा लागतो, मी मे मध्ये एकदा येऊन गेलो तेव्हा घरात फक्त बाबूजी होते, त्यांनी त्यांचा तेव्हाच भरून दिला. तुमचा बाकी आहे. बाबूजींशीही दोन मिनिटं बोलायचं आहे, नियम आहे तसा. "घर पे हैं ना?"

मी म्हटलं, फॉर्म दाखवा.

बाबांचं अक्षर. एकेक रकाना नीट भरलेला. उजेड पुरेसा आहे का? होय. आवाज येतो का? नाही. दुपारी घरात गरम होते का? त्यापुढे त्यांनी लिहिलं होतं, 'नाही'. त्याखाली 'घर फार चांगले आहे, मुलीने बांधले आहे,' एवढं जास्तीचं. सही, तारीख आणि सवयीनं वेळसुद्धा टाकलेली. दुपारचे दोन वाजून चाळीस मिनिटं.

त्या माणसाला मी विचारलं, "तुम्ही आलात तेव्हा खोलीत गरम नव्हतं?"

तो चाचरला. "था तो, मैडम. मैंने पूछा भी. बाबूजी ने कहा, इतना तो चलता है, और खुद ही 'नहीं' लिख दिया."

केबिनच्या वहीत या माणसानं जन्मभरात एक खोटी नोंद केली नव्हती. गाडी दोन मिनिटं उशिरा तर दोन मिनिटंच. आणि माझ्यासाठी, त्या भट्टीत घामानं निथळत बसून, त्यांनी 'नाही' लिहिलं.

मी माझा फॉर्म मागितला. त्याच प्रश्नापुढे लिहिलं, 'होय. माझे वडील त्याने वारले.' सही केली आणि कागद त्याच्याकडे सरकवला. त्यानं वाचला. मराठी त्याला पूर्ण येत नसावी, पण तेवढं समजलं. मग हळूच म्हणाला, "मैडम, ये लिखेंगी तो स्टार नहीं मिलेगा."

मी म्हटलं, "बाबांच्या फॉर्मला लावून ठेवा. त्यांचं खोटं आहे, माझं खरं आहे."